सिरिल हुडोकची गल्ली

शनिवार, ११ ऑक्टोबर २०१४. रात्री पाऊस. सकाळी आभाळ भरलेलं, वायव्येचा बोचरा वारा. कोबी चिरून उजाडायच्या आत व्हॅनमध्ये ठेवला. सिरिल न्याहारीआधी मागच्या दाराने आला, कॉफी अर्धी टाकून गेला. हंगामातला शेवटचा दिवस. कोरीन आज धावणार म्हणते. चार वाजता चर्चमध्ये कन्फेशन, पापांची कबुली.

एवढं सकाळी लिहून मी वही मिटली. कांदे घरीच विसरल्याचं लिहिलं नव्हतं, कारण ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

सिरिल हुडोक आमचा शेजारी. माझा नवरा ओन्ड्रे आणि तो, दोघांनी मिळून आयुष्यभर या खोऱ्यातली छपरं शाकारली. स्लेटची छपरं, चर्चची, शाळेची, खाणमालकांच्या जुन्या घरांची. उतारावर सरकत ओन्ड्रे जायचा. सिरिल वर धुराड्याला पाठ लावून बसायचा आणि ओन्ड्रेच्या कमरेचा दोर हातात धरायचा. लागेल तसा सोडायचा, लागेल तसा ओढायचा. उंचीची त्याला जबर भीती. शिडीला हात लावायच्या आधी त्याला रोज ढवळून यायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दारूच्या गुत्त्यात लोक त्याला हसायचे. ओन्ड्रे म्हणायचा, "हसा. मला दोरावर भित्राच माणूस पाहिजे. शूर माणूस दोर धरतो आणि इकडेतिकडे बघत बसतो."

ओन्ड्रे एकाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या पलंगावर गेला, दोन्ही पाय धड असताना. त्याच्या धंद्यात असं मरण फार थोड्यांना आलं.

सिरिलने लग्न केलं नाही. घर सोडताना शेगडी बंद आहे का ते तो तीनदा बघतो. वादळात तळघरात जाऊन बसतो. त्याच्या जिवाचं असं माणूस एकच, धाकट्या बहिणीची मुलगी कोरीन. ती त्याला उयको म्हणते. मामाला आमच्या आजोबांच्या जुन्या भाषेत तेच म्हणतात. मला मात्र गावातली सगळी तरुण मंडळी तेता म्हणतात, मी कुणाचीच मावशी नसले तरी.

गावाखाली कोळशाच्या काळ्या चुऱ्याचा माळ आहे. खाण बंद पडली आणि तिथे गवतही धरेना, तेव्हा गावातल्याच दोघा भावांनी त्यावर माती टाकली, उंच जाळी ताणली आणि पेंटबॉलचं मैदान केलं. कोरीन तिथे खेळायची. त्यांच्या संघाचं नाव 'खडेवेचे'. आमच्या आजोबांच्या वेळी लहान पोरं कोळशातले दगड वेचायची, त्यांच्यावरून ठेवलेलं. एका रविवारी एक गडी कमी पडला म्हणून कोरीन मामाला ओढत घेऊन गेली.

"मी धावणार नाही," सिरिल म्हणाला होता.

"धावायचं नाहीच, उयको. एका जागी उभं राहून गल्ली धरायची."

ते काम जणू त्याच्यासाठीच केलं होतं. मैदानात हवेने फुगवलेले मोठाले आडोसे असतात, सगळे काळे-हिरवे. शिट्टी झाली की दोन्ही संघ मैदानाच्या दोन टोकांना असलेल्या आपापल्या दारातून निघून त्या आडोशांमागे पळतात. पण एकजण दाराशीच थांबतो. तो माणसावर नेम धरत नाही. समोरच्यांना जिथून पळावं लागणार अशी दोन आडोशांमधली एक रिकामी फट निवडतो आणि त्या फटीत बंदुकीतून रंगाच्या गोळ्यांची सलग धार सोडत राहतो. फटीत शिरेल तो रंगेल आणि बाद होईल. म्हणून कुणी शिरत नाही, डोकी खाली राहतात, आणि तेवढ्या वेळात आपला गडी पुढे सरकतो. ही गल्ली.

पुढे गेलेला आडोशामागे पोचला की ओरडतो, "डोमा." म्हणजे घरी. दुसरे संघ काय ओरडतात मला माहीत नाही. हा शब्द आमच्या पोरांनी आज्यांकडून उचलला. डोमा ऐकू येईपर्यंत सिरिल चापावरचं बोट काढत नाही. मधे आपलं माणूस दिसलं, पडलं, शिंकलं, काही झालं तरी धार हलत नाही. धार आणि आपलं धावणारं माणूस यांच्यात कधीकधी हातभर अंतर असतं. म्हणून धार धरणाऱ्याला खूण लागते. सामन्याआधी दारात उभं राहायचं, फटीच्या सरळ रेषेत जाळीपलीकडचं काहीतरी हेरायचं, झाड, विजेचा खांब, आणि बंदुकीचं तोंड त्यावर ठेवायचं. खूण हलणारी नको, हा पहिला नियम.

त्या सकाळी स्वयंपाकघरात सिरिलने विचारलं, "फिलो, व्हॅन आज कुठे लावणार?"

चर्चच्या बायकांची व्हॅन मी आणि पॉलीन चालवतो. लोण्यात परतलेला कोबी आणि शेवया, म्हणजे हलुश्की, विकतो. तिचा टप पिवळाधमक आहे.

"नेहमीच्याच जागी. का, तुला त्याहून जवळ पाहिजे?"

तो हसला नाही. "तिथेच ठेव. दुसरा सामना आमचा, तो संपेपर्यंत हलवू नकोस."

मी परातीवरचा हात थांबवला.

"मोतीबिंदू आहे," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकलाय. नोव्हेंबरात काढणार आहेत. झाड, खांब, सगळं एकच राखाडी दिसतं. तुझ्या व्हॅनचा टप तेवढा कळतो. गेल्या शनिवारी बघून ठेवलंय. टपाची डावी कड धरली की गल्ली बरोबर बसते."

"खूण म्हणून व्हॅन? चाकं असलेली?"

"दुसरं काही दिसतच नाही, फिलो."

"मग खेळतोस कशाला?"

"ती म्हणते, धावेन तर उयकोच्या गल्लीवरच."

कोरीनचं सांगायला हवं. गेल्या शरदात एका सामन्यात तिने हरल्याचा हात वर केला होता. तरी मागून आलेल्या एका आडदांड पोराने अगदी जवळून गोळ्या झाडल्या. मुखवट्याने चेहरा झाकतो, मान झाकत नाही. केसांखाली आणि कानामागे जांभळे डाग उठले. ते गेले. पण ती वृद्धाश्रमात काम करते आणि तिथे मागून औषधांची गाडी ढकलत कुणी आलं की ती भिंतीला चिकटायला लागली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली. जेवायला बसली तरी पाठ भिंतीला. मैदानात शिट्टी व्हायची, बाकीचे पळायचे आणि ही दारातच उभी. सगळा वसंत असाच गेला. उन्हाळ्यात संघनायक डेक्लन तिला हळूच म्हणाला, की बाई, आता तुझ्या जागी दुसरं कुणी बघू का? ती म्हणाली, शेवटच्या सामन्यात एकदा बघते. नाही जमलं तर बूट, मुखवटा, सगळं देऊन टाकीन.

"तिला डोळ्यांचं सांग," मी म्हणाले.

"सांगितलं तर ती दाराबाहेर पाऊल टाकणार नाही."

"आणि न सांगता तूच तिच्या पाठीत घातल्यास तर? मागून. तिच्या मामाने."

त्याने कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "म्हणून तर तुला सांगतोय. कुणाजवळ बोलू नकोस." आणि कॉफी तशीच ठेवून गेला. जाताना त्याने माझी शेगडी बंद आहे का ते बघितलं.

मी त्याला थांबवायला हवं होतं की नव्हतं, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही. पण व्हॅन मी लावली ती इंचभर न चुकता.

मैदानावर सगळा चिखल. व्हॅनची चाकं रुतली. पहिला सामना सुरू व्हायच्या आधीच रॉस्को आला. दोघा मालक भावांतला हा थोरला.

"तेता, गाडी जरा पलीकडे खडीवर घ्या ना. रुग्णवाहिका आली तर वाट नाही."

"दुसरा सामना झाला की घेते."

"दुसऱ्या सामन्यात काय विशेष?"

"माझा कोबी तोवर शिजतो. हलवला की करपतो."

"कोबीला एवढं कळतं?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

तो डोकं हलवत गेला. मी कढई तापवली आणि कांद्याला हात घालायला गेले तर कांदे नाहीत. समोर रांग लागलेली. पॉलीन म्हणाली, "कांद्याशिवाय हलुश्की? लोक आपल्याला वाळीत टाकतील. तू जा, घरून घेऊन ये." घर टेकडीवर, मोटारीने जवळच. पहिला सामना निम्म्यावर होता. मी निघाले आणि निघताना तिला बजावलं, "व्हॅनची किल्ली कुणाला देऊ नकोस. रॉस्कोला तर नाहीच."

"का गं?"

"नको देऊस म्हणते ना."

"बरं बाई. पोपसाहेब आले तरी देणार नाही."

कांद्याची पिशवी घेऊन मी परत आले, मोटार लावली आणि वळून बघितलं. व्हॅन जागेवर नव्हती. सिरिलच्या दारातून बघितलं तर उजव्या अंगाला, पार खडीवर, ऐटीत उभी होती. जुन्या जागी चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांत पाणी, आणि मागे राहिलेलं आमचं वाढायचं टेबल.

"किल्ली कुणालाही दिली नाही," पॉलीन टेबलामागून म्हणाली. "मीच चालवली. रॉस्को बिचारा तीनदा येऊन गेला. एका दमात बाहेर काढली, माहितेय?"

मी जाळीकडे वळले. जाळीतून मैदान पूर्ण दिसत होतं. पहिला सामना केव्हाच आटोपला होता. पलीकडच्या टोकाला, आमच्या दारात, खडेवेचे उभे होते. पुढे कोरीन, वाकलेली, एक हात दाराला टेकलेला. तिला तिच्या उजव्या कडेने पळायचं होतं. तिच्या मागे सिरिल. मुखवट्यातही तो मला कळतो, खांदे कानांपर्यंत चढवलेले असतात त्याचे. त्याने बंदूक उचलली. तोंड सरळ आलं, जिथे यायला हवं तिथे. मग ते हळूहळू त्याच्या उजवीकडे सरकायला लागलं, चाचपडत, अंधारात भिंतीवरचं बटण शोधतात तसं. सरकत सरकत खडीवरच्या पिवळ्या टपावर गेलं आणि थांबलं.

त्या रेषेत कोरीनची पाठ येणार होती.

ओरडायची सोय नव्हती. बाहेरून कुणी खेळाडूला ओरडून सांगितलं की संघाला शिक्षा होते आणि गडी बाद होतो. पंचाला गाठावं तर तो मैदानाच्या मध्यावर, आणि गाठून काय सांगायचं, की मामा आंधळा आहे? ते ऐकून कोरीन पुन्हा कधी त्या दारातून निघाली नसती. पंचाने हात वर केला. "दहा सेकंद."

टेबलावर पिवळं मेणकापड होतं, लिंबांच्या चित्रांचं. मी ते ओढलं. ताटल्या, काटे, मिठाची बाटली, सगळं चिखलात गेलं.

"फिलोमेना, वेड लागलं का?" पॉलीन म्हणाली.

मी चाकोऱ्यांकडे पळाले. एकोणऐंशीव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. डावी कड, तो म्हणाला होता. मी डाव्या चाकोरीत पाय घातला, तोंड मैदानाकडे केलं आणि तेव्हा डोक्यात आलं, की त्याची डावी म्हणजे माझी उजवी. मी चुकीच्या चाकोरीत उभी होते. पाय चिखलातून निघेना. बूट आत राहिला. मोज्यानेच दुसऱ्या चाकोरीत गेले, मेणकापड दोन्ही हातांनी डोक्यावर जमेल तेवढं उंच धरलं आणि त्याच्याकडे बघितलं.

आता त्याच्यासमोर दोन पिवळे होते. एक मोठा, पत्र्याचा, स्थिर. एक लहान, वाऱ्याने फडफडणारा. बंदुकीचं तोंड माझ्याकडे आलं. परत व्हॅनकडे गेलं. माझ्या तोंडून प्रार्थनासुद्धा पुरती येईना, नुसते येशूच्या आईच्या प्रार्थनेतले पहिले दोन शब्द पुन्हापुन्हा.

शिट्टी झाली.

कोरीन निघाली की नाही ते मला दिसलं नाही, कारण त्याच क्षणी माझ्यासमोरची जाळी फटाफट वाजायला लागली. गोळ्या जाळीवर फुटत होत्या, बरोबर माझ्या तोंडासमोर, एकामागून एक, थांबायचं नाव नाही. नारिंगी रंगाचे शिंतोडे जाळीतून उडून कोटावर, हातांवर, ओठांवर. मला जन्मात कुणी मारलेलं नाही. सगळं अंग म्हणत होतं, बाजूला हो. जाळीने लागणार नाही हे माहीत होतं, पण अंगाला ते माहीत नव्हतं. मी डोळे मिटले आणि उभी राहिले. मी हलले तर रेष हलणार होती. ओन्ड्रे उतारावर असताना धुराड्याशी बसून सिरिलला रोज काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं.

डोमा ऐकू येईना. शिट्टीपासून पहिल्या आडोशापर्यंत किती वेळ लागतो ते मी पुष्कळदा बघितलं आहे. तो वेळ केव्हाच होऊन गेला असं वाटत होतं. ती दारातच उभी असेल. किंवा निघाली असेल आणि मधेच खाली बसली असेल. हात भरून आले, मेणकापड खाली यायला लागलं, मी कोपर जाळीच्या खांबाला टेकवलं.

"डोमा."

बारीक आवाज, दुरून. धार थांबली. पाठोपाठ तिने उयको अशी हाक मारली आणि धार पुन्हा सुरू झाली. म्हणजे ती आणखी पुढे यायला निघाली होती. हे तिने आधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता ती थेट माझ्या दिशेने, त्या धारेच्या कडेकडेने पळत होती. मी डोळे उघडले, पण जाळी रंगाने माखली होती, काही दिसेना. फक्त बुटांचा चिखलातला आवाज, जवळ, आणखी जवळ.

"डोमा." हा मात्र जाळीच्या अगदी आतल्या बाजूने आला. तिचा धापा टाकणारा श्वास मला ऐकू आला.

तो सामना खडेवेचे हरले. डेक्लन लवकर बाद झाला आणि शेवटी कोरीनच्या बंदुकीतल्या गोळ्या संपल्या. पण तिच्या पाठीवर रंगाचा एक ठिपका नव्हता. मी बघितलं.

पंच माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही तिथे काय करत होतात?"

"मेणकापड वाळत घालत होते."

"अशा ढगाळ हवेत?"

"म्हणून तर हातात धरलं होतं."

त्याने माझ्या एका पायातल्या मोज्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. कन्फेशन त्याच दिवशी होतं, ते बरं झालं.

सिरिल आला तेव्हा मी उलट्या बादलीवर बसले होते आणि पॉलीन माझा बूट काठीने उकरत होती. त्याने मुखवटा काढला. चेहरा पिठासारखा.

"दोन दिसले," तो म्हणाला.

"मग मला कसं धरलंस?"

"एक थरथरत होता." तो माझ्याजवळ चिखलातच बसला. "व्हॅनला थरथरताना कधी बघितलंय? आणि एवढं घाबरलेलं माणूस उगाच येऊन उभं राहणार नाही, असं वाटलं. वाटलं, एवढंच. खात्री नव्हती, फिलो. चाप ओढेपर्यंत नव्हती."

मग त्याने हात काखेत घातले. कोरीन आली, घामाने भिजलेली, काही बोलायच्या बेतात. त्याने तिला बोलू दिलं नाही. मोतीबिंदू, टप, व्हॅन, मेणकापड, सगळं सांगून टाकलं, खाली बघत. ती ऐकत गेली तसा तिच्या चेहऱ्यावरचा घाम थिजल्यासारखा झाला. तिचा हात मानेवर गेला.

"म्हणजे तुला मी दिसतच नव्हते?"

"नाही."

"पूर्ण वेळ?"

"डोमा ऐकू आलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं. घाबरलो."

"तू कशाला घाबरत नाहीस, उयको?"

ती व्हॅनकडे निघून गेली. मला वाटलं, ही आता बूट-मुखवटा तिथेच टाकून घरी जाणार. सिरिललाही तेच वाटलं असणार, कारण तो उठलाच नाही. पॉलीनने त्याला एक हलुश्कीची ताटली दिली, बिनकांद्याची, तीही त्याने मांडीवर नुसती धरली.

बऱ्याच वेळाने कोरीन स्वतःची ताटली घेऊन परत आली. "ऑपरेशन कोणत्या तारखेला आहे?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. "मी सुट्टी काढते. मोटार मी चालवीन. आणि तोवर बंदुकीला हात लावलास तर मी आईला सांगेन."

"बरं."

"तेतालाही सांगायला लावेन."

"बरं म्हणालो ना."

ती त्याच्यासमोर बाकावर बसली आणि खायला लागली. तिच्या मागे सगळं मैदान होतं, रांग, पोरं, गाड्या, जाळीपलीकडे तिसऱ्या सामन्याच्या गोळ्यांचा आवाज. कुणीतरी तिच्या अगदी पाठीमागून पेट्यांची ढकलगाडी खडखडत नेली. सिरिलचे खांदे कानांपर्यंत गेले. ती मान खाली घालून शेवया काट्याला गुंडाळत राहिली. सिरिलने माझ्याकडे बघितलं. मी कढईत लोणी टाकायला गेले.

संध्याकाळी वहीत लिहिलं: मेणकापड कोमट पाण्यात सोडा घालून टबात भिजत ठेवलं. कांदे सगळे उरले, तळघरात परत नेऊन ठेवले.